लॅमिनेट का सुटते, आणि दोष कोणाच्या माथी?

(कामगार शिक्षण वर्गात युनियनच्या सेक्रेटरींनी केलेले भाषण)



आजचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा मागच्या बाकावरून एका बंधूंनी विचारले, "साहेब, आठवा वेतन आयोग सोडून हे स्टिकरचे काय काढलेत?" प्रश्न रास्त आहे. वेतन आयोगावर दुपारच्या सत्रात बोलणे होणारच आहे. पण पगार हातात पडतो तेव्हा ज्याच्या रकमेतून "खराब काम" म्हणून आधीच कपात झालेली असते, त्या कामगाराला आयोगाचे गणित सांगून काय उपयोग? त्याचे पैसे कसे वाचवायचे ते आधी बघू, आणि त्यासाठी थोडी कारागिरी समजून घ्यावी लागेल.

गाड्यांवर मजकूर आणि जाहिराती पूर्वीही असत, पण त्या पेंटरच्या हातच्या. २०१७ च्या जानेवारीत, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, भाड्याशिवाय इतर मार्गांनी उत्पन्न मिळवण्याचे धोरण जाहीर झाले आणि त्यात गाड्यांच्या ब्रँडिंगला जागा मिळाली. तेव्हापासून डब्याच्या बाहेरच्या अंगावर छापील व्हिनाइल चढवण्याचे काम वाढले. डब्याच्या आत सूचना आहेत, आसनांचे नंबर आहेत, स्टेशनवर नकाशे आहेत. टपालाच्या बांधवांकडे २०१८ च्या सप्टेंबरमध्ये पेमेंट्स बँक सुरू झाली, तिचे फलक आले. काउंटरच्या काचेवर, दारावर, गाडीच्या बाजूला, जिथे बघाल तिथे छापील व्हिनाइल. त्यावर संरक्षण म्हणून एक पारदर्शक फिल्म दाबून बसवलेली असते, तिला लॅमिनेट म्हणतात. ऊन, पाऊस, धुण्याचा ब्रश आणि प्रवाशांच्या पिशव्या यांचा मार त्या फिल्मने खायचा आणि खालचे चित्र वाचवायचे, अशी व्यवस्था.

हे काम तीन हातांतून जाते. एक छापणारा, दुसरा लॅमिनेशन करणारा, तिसरा डब्यावर किंवा भिंतीवर चिकटवणारा. पहिले दोन शहरात कुठेतरी एसी खोलीत असतात. तिसरा यार्डात, शिडीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. त्यामुळे माल उखडला की बोट तिसऱ्याकडे जाते.

अलीकडचीच गोष्ट. एका डेपोत, नाव घेत नाही कारण प्रकरण पुरते मिटलेले नाही, एका रेकवर जाहिरात चढली. दहाव्या दिवशी गडद निळ्या आणि काळ्या भागावरचे लॅमिनेट पापडासारखे उठले. जाहिरातदाराने तक्रार केली. कंत्राटदाराने चिकटवणाऱ्या नऊ मुलांचे प्रत्येकी सहा दिवसांचे पैसे कापले, आणि देखरेखीत हयगय झाली म्हणून आपल्या एका टेक्निशियनला एस. एफ. ११ मिळाले. आम्ही तिथे गेलो, सुटलेल्या जागेचा हातभर तुकडा मागून घेतला आणि उजेडात पालथा-सुलटा करून बघितला. डब्याला व्हिनाइल घट्ट बसले होते, नखाने उचलत नव्हते. पांढऱ्या आणि फिक्या भागावरचे लॅमिनेटही घट्ट होते. सुटले होते ते फक्त गडद रंगावरचे. आता मला सांगा, चिकटवणाऱ्या पोराच्या स्क्वीजीला काळा रंग आणि पांढरा रंग वेगळा कळतो का? त्याने सगळीकडे सारखाच हात फिरवला असणार. जिथे शाई जास्त तिथेच सुटते, याचा अर्थ दुखणे शाईत आहे. एवढ्या एका निरीक्षणावर टेक्निशियनचा कागद मागे घेतला गेला. मुलांच्या पैशांचा पाठपुरावा चालू आहे.

तेव्हा पहिली गोष्ट शिकायची ती अशी की सुटलेला माल फेकू नका, आणि हाताने ओरबाडून साफही करू नका. तो पुरावा आहे.

एका ग्राफिकचे थर मोजा. खालून वर गेलो तर डब्याचा रंग, व्हिनाइलच्या पाठीचा डिंक, व्हिनाइल, शाई, लॅमिनेटचा डिंक, लॅमिनेटची फिल्म. सहा थर झाले आणि त्यांच्यामध्ये पाच सांधे. माल यांपैकी नेमक्या कोणत्या सांध्यात सुटला ते बघायचे. सगळेच्या सगळे डब्यापासून सुटले आणि लॅमिनेट मात्र व्हिनाइलला चिकटलेलेच राहिले, तर गोष्ट चिकटवण्याची किंवा डब्याच्या पृष्ठभागाची. पॅनल पुसलेले नसेल, तेल किंवा ब्रेकची धूळ राहिली असेल, ओल असेल, नवा रंग पुरता वाळला नसेल. व्हिनाइलच्या पाठीला डब्याचा रंगच पोपडा होऊन आला असेल तर रंगकामाचा प्रश्न, चिकटवणाऱ्याचा नव्हे. लॅमिनेट एकटे सुटले, चित्र खाली जसेच्या तसे राहिले आणि लॅमिनेटची चिकट बाजू स्वच्छ दिसली, तर शाई आणि लॅमिनेट यांचा सांधा धरला नाही. म्हणजे छापखाना किंवा लॅमिनेशनचे टेबल. लॅमिनेटबरोबर चित्रच उचलून आले आणि खाली पांढरे व्हिनाइल उघडे पडले, तर शाईने व्हिनाइल धरलेले नाही. एक तर ते व्हिनाइल त्या शाईसाठी योग्य नव्हते, नाहीतर मशीनवर भलत्याच मालाचे सेटिंग लावून छापले, किंवा व्हिनाइलमधले मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य पृष्ठभागावर आले होते, जे स्वस्त व्हिनाइलमध्ये होते. आणि क्वचित असेही दिसते की डिंक शाईवर राहिला आणि फिल्म कोरडी सुटली. तेव्हा लॅमिनेटचा रोलच जुना किंवा सदोष.

एअर ब्रेकचे प्रेशर टिकत नसेल तर आपण काय करतो? मधला अँगल कॉक बंद करून गाडीचे दोन भाग करतो, कोणत्या भागात गळती आहे ते बघतो, पुन्हा त्याचे दोन भाग करतो. अंदाजाने पंधरा डब्यांचे होज पाइप बदलत बसत नाही. हेही तसेच आहे.

आता शाईकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे आणि बहुतेक भांडणेही तिथलीच. लॅटेक्स नाव ऐकून पुष्कळांना रबराच्या झाडाचा चीक आठवतो. या शाईत तो नसतो. एच.पी. कंपनीने २००८ साली ही पद्धत मोठ्या आकाराच्या छपाईसाठी बाजारात आणली. शाईत निम्म्याहून जास्त पाणी, त्यात रंगाचे कण आणि प्लास्टिकसारख्या पदार्थाचे अतिसूक्ष्म थेंब, जोडीला थोडी मंद उडणारी द्रावके. कागदावर, म्हणजे व्हिनाइलवर, शाई पडली की मशीनमधला हीटर आधी पाणी उडवतो. मग उष्णता वाढली की ते सूक्ष्म थेंब वितळून एकमेकांत मिसळतात आणि रंगाला कवेत घेऊन एक अखंड कातडी तयार होते. याला क्युअरिंग म्हणतात, आपण शाई पिकणे म्हणू. जुन्या सॉल्व्हंट शाईसारखा डोके धरणारा वास या शाईला नसतो. छापखान्यातल्या कामगाराच्या फुप्फुसाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे, आणि आपण तिला विरोध करत नाही.

टपालाच्या जुन्या बांधवांना हे एका क्षणात कळेल. थैलीच्या दोरीला लाखेचे सील मारायचे दिवस आठवा. लाख नीट वितळली असेल तर ती दोरीच्या पिळात शिरते आणि सील फोडल्याशिवाय निघत नाही. अर्धवट तापलेली लाख वरून सीलसारखीच दिसते, शिक्काही उमटतो, पण वाटेत थैली आपटली की टक्कन सुटून पडते. अर्धवट पिकलेल्या लॅटेक्स शाईचे तेच होते. वरून चित्र सुरेख दिसते. आत मात्र द्रावके अडकून राहतात, आणि काही तासांनी ती हळूहळू वर येऊन शाईच्या पृष्ठभागावर तेलकट थर धरतात. त्यावर तुम्ही लॅमिनेट दाबले की ते तेलावर चिकटवल्यासारखे झाले. पहिला दिवस धरते. उन्हाने डबा तापला की द्रावक आणखी बाहेर येते, डिंक मऊ पडतो आणि फिल्म उठते. गडद रंगात आधी का, तर तिथे दोन-तीन रंगांच्या शाया एकावर एक पडतात. शाई जास्त म्हणजे पाणीही जास्त आणि द्रावकही जास्त, आणि उष्णता मात्र तेवढीच.

शाई अर्धी का राहते? कारणे बरीच आहेत, पण माझ्या मते वारंवार दिसणारे एकच, ते म्हणजे घाई. मशीनचे डोके एका पट्ट्यावरून किती वेळा जाते, त्याला पास म्हणतात. पास कमी केले की छपाई भराभर होते, आणि माल हीटरखाली कमी वेळ राहतो. दहा पासचे काम सहा पासमध्ये उरकले तर रात्रीत जास्त मीटर निघतात, मालकाला बरे वाटते. त्याची किंमत पुढे यार्डात मोजली जाते, आणि ती मालक मोजत नाही. दुसरे कारण असे की प्रत्येक प्रकारच्या व्हिनाइलसाठी मशीनमध्ये वेगळे सेटिंग असते, त्यात उष्णता किती, शाई किती, सगळे ठरलेले असते. ऑपरेटर नवा असला की एकच सेटिंग सगळ्या मालाला लावतो. जाड माल जास्त उष्णता खातो, पातळ माल लवकर तापतो. हीटर बेसुमार वाढवून उपाय होत नाही, कारण मग व्हिनाइल सुरकुततं, आकसतं, मशीनमध्ये घासतं. पाच-पाच अंशांनी वाढवून बघायचे, किंवा वेग कमी करायचा. ज्यांना घाईच नाही त्यांनी वेगच कमी करावा, हे मी छापखान्याच्या मालकालाही तोंडावर सांगितले आहे.

अजून एक बारकावा आहे. शाईला ओरखडे पडू नयेत म्हणून तिच्यात मेणासारखे द्रव्य घातलेले असते. ते आपले काम करते, पण मेणावर डिंक चिकटायला नाखूश असतो हे घरातल्या मुलालाही माहीत आहे. म्हणून सॉल्व्हंटच्या छपाईवर वर्षानुवर्षे छान बसणारे लॅमिनेट लॅटेक्सवर तसेच बसेल असे नाही. काही लॅमिनेटचे डिंक यासाठी जास्त आक्रमक बनवलेले असतात, कंपनीच्या माहितीपत्रकात लॅटेक्ससाठी चालते की नाही ते छापलेले असते. टेंडरमध्ये नुसते "लॅमिनेटेड व्हिनाइल" एवढेच लिहिले तर कंत्राटदार सर्वांत स्वस्त लॅमिनेट लावणार. तेव्हा टेंडरच्या बैठकीत आपला माणूस असेल तर त्याने हा एक शब्द घालायला लावावा.

मग सॉल्व्हंटच्या वेळची एक सवय उलटी लागू होते. सॉल्व्हंटची छपाई एक-दोन दिवस उघडी ठेवून वास उडू द्यावा लागे, नंतरच लॅमिनेट करायचे. लॅटेक्सच्या जाहिरातीत लिहिलेले असते की मशीनमधून माल कोरडा निघतो, लगेच लॅमिनेट करा. हे खरे आहे, पण शाई पूर्ण पिकलेली असेल तरच. ती पिकली की नाही हे तपासायला मशीनची गरज नाही. कोरडे पांढरे सुती फडके घ्या, सर्वांत गडद जागेवर दाबून दहा-बारा वेळा घासा. फडक्याला रंग आला, किंवा बोटाला तेलकट ओशट लागले, तर माल कच्चा. छपाई झाल्यावर लगेच एकदा आणि चार-सहा तासांनी पुन्हा एकदा बघा, कारण तेल उशिरा वर येते. वर आलेले तेल पुसून काम भागवतात, तेही चुकीचे, ते पुन्हा येते.

छपाईवर थिनर मात्र कधी फिरवू नका. कडक द्रावकाने ही शाई विरघळते. पॅनल साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, ते डब्याच्या पत्र्यासाठी, चित्रासाठी नव्हे. कंत्राटदार बाटलीवर नाव न लिहिता "क्लीनर" म्हणून काहीही देतात. नाव विचारा, आणि लेबल नसलेली बाटली घेऊ नका. अल्कोहोल पेट घेते, त्याच्याजवळ विडी नको, हीटगन नको.

आता लॅमिनेशनचे टेबल. तिथे मुख्यतः दाब, उष्णता आणि ताण या तीन गोष्टी. हल्लीच्या पुष्कळ मशीनना वरचा रोलर कोमट करायची सोय असते, चाळीस ते पन्नास अंशांच्या आसपास. एवढ्या उबेने डिंक वाहता होतो आणि शाईच्या खाचाखोचांत शिरतो. थंड रोलरने लॅटेक्सवर भागते, पण दाब नीट हवा आणि वेग कमी हवा. दाब दोन्ही टोकांना सारखा आहे का, हे बघायला सोपी युक्ती आहे. रोलर दोन्ही बाजूंना वर्तमानपत्राच्या पट्ट्यांवर टेकवा आणि पट्ट्या ओढा. एक सहज निघाली आणि दुसरी फाटायला आली, तर रोलर वाकडा बसला आहे. अशा मशीनवरून निघालेला माल एका कडेनेच उठतो. रेकवरही मग सगळे तुकडे एकाच बाजूने उठलेले दिसतात, आणि हे पाहायला साहेबांची गरज नाही.

ताणाचा दोष मला सर्वांत फसवा वाटतो. लॅमिनेटचा रोल सोडणारा ब्रेक जास्त घट्ट असला तर फिल्म ताणलेल्या स्थितीत चिकटते. तिथे ती कुरकुर करत नाही. पुढे तिला आपल्या मूळ मापावर यायचे असते, म्हणून ती आकसते, कडा वर वळतात, मध्ये लांबट बोगदे पडतात. तुकडा टेबलावर मोकळा ठेवा. चित्राची बाजू आत घेऊन तो गुंडाळी होऊ पाहत असेल तर लॅमिनेट ताणून लावलेले आहे, असे समजा. चिकटवणारा कितीही चांगला असला तरी तो हा ताण काढू शकत नाही.

इथेच फिल्मची जात सांगतो. व्हिनाइल दोन रीतींनी बनते. एकात मिश्रण ओतून भट्टीत वाळवतात, त्याला कास्ट म्हणतात. दुसऱ्यात पोळी लाटावी तसे रोलरमधून दाबून लाटतात, ते कॅलेंडर्ड. लाटलेल्या मालात ताण भरलेला असतो, उन्हात तो आकसतो. ओतलेला माल शांत असतो, पातळ असतो, महाग असतो. कास्ट व्हिनाइलवर कास्ट लॅमिनेट लावायचे, कॅलेंडर्डवर कॅलेंडर्ड. खाली कास्ट आणि वर स्वस्त कॅलेंडर्ड अशी जोडी जमवली तर वरचा आकसतो, खालचा आकसत नाही, आणि मधला सांधा दोघांच्या ओढाताणीत मरतो. बिलात कास्ट लिहून पोत्यात कॅलेंडर्ड येण्याचे प्रकार होतात. रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीत आतल्या बाजूला बहुधा लेबल असते. रोल संपला की ते लेबल फाडून फाइलला लावा. एवढ्या चिठ्ठीवर पुढे अर्धे प्रकरण जिंकता येते.

एक गोष्ट मात्र दोष नाही आणि तिच्यावरून माल नापास करू नका. लॅमिनेशननंतर गडद रंगावर बारीक चांदीसारखी चमक, पांढुरके ठिपके दिसतात. शाईच्या उंचसखल भागात अडकलेली सूक्ष्म हवा ती. डिंक हळूहळू वाहत जाऊन ती जागा भरतो, आणि एक-दोन दिवसांत चमक विरते. मात्र ती वाढत गेली, किंवा तिचे मोठे फुगे झाले, तर समजा की दाब कमी आहे किंवा शाई कच्ची आहे.

आपल्याकडे पावसाळ्याचा वेगळा त्रास. व्हिनाइलच्या पाठीचा कागद ओल शोषतो, लाटा येतात, आणि लाटांवर लॅमिनेट सपाट बसत नाही. माल गोदामातून आणून एक दिवस त्याच खोलीत ठेवावा जिथे काम होणार आहे. छापलेला रोल घट्ट गुंडाळून रबरबँड मारून कोपऱ्यात उभा करू नये, सैल आडवा ठेवावा. या गोष्टी छापखान्यातल्या कामगारांना माहीत असतात. जागा नसते, वेळ नसतो, म्हणून त्या होत नाहीत.

चाचणीची पद्धत सांगतो, कारण कोणी तज्ज्ञ बोलावून पैसे घालवायला नको. छापलेल्या मालाची हातभर पट्टी घ्या, तिच्यात गडद भागही असावा आणि न छापलेला पांढरा भागही. लॅमिनेट लावताना एका टोकाला कागदाचा तुकडा मध्ये घालून चार बोटे मोकळे ठेवा, म्हणजे पकडायला शेपूट मिळते. चोवीस तास ठेवा, कारण असला डिंक पहिल्या तासात आपली सगळी ताकद दाखवत नाही. मग शेपूट धरून उलट दिशेने, दुमडून, सावकाश ओढा. चांगल्या जोडीत फिल्म ताणते किंवा फाटते, पण सुटत नाही. पांढऱ्यावर धरले आणि काळ्यावर सुटले तर शाई. दोन्हींवर सुटले तर डिंक, दाब किंवा थंडी. खात्री करायची असेल तर तीच छपाई दुसऱ्या लॅमिनेटखाली आणि तेच लॅमिनेट दुसऱ्या छपाईवर लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कोणतीने काम केले ते कळत नाही, आणि समोरचा वकील तेच विचारणार.

चिकटवण्याच्या कामातही दोष होतात, ते लपवून आपल्या माणसांचे भले होणार नाही. पॅनल न पुसता मारणे, कोपरे काटकोनी ठेवणे, वळणावर ताणून बसवल्यानंतर तो भाग पुन्हा तापवून स्थिर न करणे, या गोष्टी घडतात. कोपरा गोल कापला तर तो उचलत नाही, हे पैशाचे काम नाही, कात्रीचे आहे. बसवाल्यांची एक शिकवण मात्र आपल्याला लागू पडत नाही. ते म्हणतात, पुढच्या तुकड्याची कड मागच्यावर चढवा म्हणजे वारा आत शिरत नाही. आपली गाडी जाताना एका तोंडाने जाते आणि येताना दुसऱ्या! म्हणून आपल्याकडे दोन्ही कडा सील करणेच बरे.

पण हे दोष का होतात तेही बघा. रेक पिट लाइनवर चार तास मिळतो. त्यात धुणे, वाळवणे, पुसणे, चिकटवणे, सगळे उरका म्हणतात. संध्याकाळी गाडी निघते आणि दुसऱ्या दिवशी धुण्याच्या प्लांटमधून जाते. डिंकाला पूर्ण पकड यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि चोवीस तासांच्या आत त्यावर ब्रश आणि साबण. पाण्याचा प्रेशर जेट कडेवर सरळ मारला की चांगले बसलेले ग्राफिकही उठते. तो किमान फूटभर लांबून मारायचा, कडेच्या आत घुसेल असा कधी धरायचा नाही. हे धुणाऱ्या ठेक्याच्या माणसांना कोणी सांगितलेले नसते. आणि सर्वांत मोठी गोष्ट, डब्याच्या वरच्या पट्ट्यावर काम करताना डोक्यावर पंचवीस हजार व्होल्टची तार असते. पॉवर ब्लॉक घेतल्याचा कागद बघितल्याशिवाय आपल्या कोणत्याही सुपरवायझरने कंत्राटी मुलाला शिडीवर चढू देऊ नये. स्टिकर उखडला तर पुन्हा लावता येतो.

कपातीचा कायदा थोडक्यात सांगतो. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात जी गोष्ट होती ती २०१९ च्या वेतन संहितेतही आली आहे. नुकसानीपोटी कपात करायची तर माल त्या कामगाराकडे स्पष्टपणे सोपवलेला हवा आणि नुकसान थेट त्याच्याच हयगयीमुळे झालेले हवे. कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त करता येत नाही, आणि त्याआधी कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. कपातीची नोंदही ठेवावी लागते. वर सांगितलेल्या नऊ मुलांपैकी एकालाही कोणी विचारले नव्हते. थेट त्याच्याच हयगयीमुळे, हे शब्द ध्यानात ठेवा, कारण सुटलेला सांधा दाखवून आपण नेमके तेच खोडून काढतो.

म्हणून माल ताब्यात घेतानाच एक वही ठेवा. रोल कोणत्या तारखेला आला, छपाई केव्हाची, लॅमिनेटचे नाव, फडक्याने घासल्यावर काय दिसले, पॅनल कशाने पुसले, त्या वेळी ऊन होते की पाऊस, चिकटवल्यानंतर किती तासांनी गाडी धुतली. दोन ओळी पुरेत. फडक्याला रंग आला तर तो माल लावायच्या आधी सुपरवायझरला लेखी कळवा आणि फडके पाकिटात घालून ठेवा. टपालाच्या बांधवांनो, फलक लावायला बाहेरचा माणूस येतो तेव्हा तुमच्या पोस्टमास्तरांची सही "माल चांगल्या स्थितीत मिळाला" या छापील ओळीखाली घेतली जाते. न बघता सही होऊ देऊ नका. त्या ओळीवरच पुढे शिपायाला जाब विचारला जातो.

एस. एफ. ११ आले तर घाबरून माफीनामा लिहू नका. उत्तरात सुटलेल्या तुकड्याचे वर्णन लिहा, फोटो जोडा, कोणता सांधा सुटला ते लिहा, आणि छपाईचे व लॅमिनेशनचे रेकॉर्ड मागा. १९६८ च्या शिस्त व अपील नियमांखाली तुम्हाला म्हणणे मांडायचा हक्क आहे, त्यात "मी निर्दोष आहे" या तीन शब्दांपेक्षा "काळ्यावर सुटले, पांढऱ्यावर धरले" हे जास्त वजनदार ठरते. उत्तर पाठवण्यापूर्वी शाखेच्या कार्यालयात दाखवा. मराठी येत असून इंग्रजीत उत्तर लिहायच्या भानगडीत पुष्कळजण फसतात, शब्द भलताच पडतो.

आता त्या टेबलावर तीन पट्ट्या ठेवल्या आहेत, एक, दोन, तीन असे नंबर घातलेत. तिन्ही तीन वेगळ्या कारणांनी सुटतात. चहा झाल्यावर दोघा-दोघांनी या, शेपूट धरून ओढा, उजेडात बघा आणि कोणता सांधा सुटला ते कागदावर नाव घालून लिहा. उत्तरे मी आत्ता सांगत नाही, वेतन आयोगाचे सत्र संपल्यावर फळ्यावर लिहीन. कात्री आणि फडकी जागच्या जागी ठेवा, ती स्टोअरमधून सहीने आणली आहेत.